काखेत कळसा : रक्तातील लोहाची कथा

हैदराबादेत बेगमपेठेच्या बाजूला एक जुनी इमारत आहे. दरवर्षी आमच्या शाळेच्या नवव्या इयत्तेतील मुलांना मी तेथे घेऊन जाते. सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाने ती आज ओळखली जाते. २० ऑगस्ट १८९७ रोजी याच परिसरात या लष्करी डॉक्टराने डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे जंतू पाहिले आणि जगाच्या वैद्यकाचे एक मोठे कोडे सुटले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेल्या प्रत्येक डासामागे रॉस त्याला एक आणा देत असत, ही हकीकत ऐकली की मुले हसतात. परंतु त्यांच्यातील एखादा चौकस मुलगा मग हमखास विचारतो, “बाई, डासाच्या पोटात इतक्या पेशी असताना नेमका जंतू कोणता, हे त्यांना कसे कळले?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. उत्तर असे की त्या पेशींत काळसर रंगाचे बारीक कण होते. असेच कण फ्रेंच डॉक्टर लावराँ यांनी १८८० साली अल्जीरियात हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात पाहिले होते. हे कण म्हणजे काय, तर जंतूने माणसाच्या तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन खाऊन टाकल्यावर उरलेला लोहयुक्त गाळ. हा गाळ मोकळा राहिला तर तो जंतूलाही विषासारखा बाधतो. म्हणून तो बिचारा त्या गाळाचे खडे बनवून बाजूला ठेवतो. म्हणजे पाहा, चोराने आपल्यामागे जी खूण ठेवली होती, ती लोहाची होती आणि त्या खुणेनेच तो पकडला गेला.

आज मला जी कथा सांगावयाची आहे, तीही तांबड्या पेशीत साचलेल्या लोहाचीच आहे. फरक एवढाच की येथे कोणी परका चोर घरात शिरलेला नसतो. घरधन्याच्याच हातून घडी विस्कटते. कोठार धान्याने भरलेले आहे, परंतु जाते बिघडले आहे. त्यामुळे घरातील माणसे उपाशी आहेत, आणि दुष्काळ पडला असे समजून शेजारीपाजारी आणखी धान्याची पोती आणून ओतीत आहेत, असा काहीसा हा प्रकार आहे. वैद्यकात याला ‘सिडेरोब्लास्टिक ॲनिमिया’ असे नाव आहे. ‘सिडेरॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत लोखंड आणि ‘ब्लास्टॉस’ म्हणजे अंकुर. रक्तपेशीच्या कोवळ्या अंकुरातच लोह साचून राहते, म्हणून हे नाव.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नुकतीच शिक्षिका झाले होते तेव्हा, आमच्या शाळेत गणित शिकविणारे एक वयस्क सर होते. त्यांना क्षय झाला. औषधे सुरू झाली, खोकला थांबला, वजनही थोडे वाढले. परंतु काही महिन्यांनी चेहरा पांढराफटक पडू लागला. जिना चढताना धाप लागे. फळ्यावर एक उदाहरण लिहून झाले की ते खुर्चीवर बसत. डॉक्टरांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन कमी निघाले, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. उतार पडेना, तेव्हा गोळ्या दुप्पट केल्या. घरात खजूर, बीट, डाळिंबे यांची रीघ लागली. सरांचा पगार बेताचा. काकूंनी हातातली एक बांगडी मोडली. एवढे करूनही गुण येईना, तेव्हा नातेवाईक काकूंनाच बोल लावू लागले की, “तूच नीट खाऊपिऊ घालत नाहीस.” ती माउली मुकाट्याने ऐकून घेई.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सरांच्या हाडातील मगज तपासण्यास पाठविला आणि उलगडा झाला. रक्तात लोहाची कमतरता नव्हतीच. उलट पेशींच्या अंकुरात ते खच्चून भरले होते. क्षयावरील एका औषधाने शरीरातील एका जीवनसत्त्वाला निकामी केले होते. लोहाच्या गोळ्या बंद झाल्या, क्षयाच्या औषधांत फेरबदल झाला आणि त्या जीवनसत्त्वाच्या साध्या, स्वस्त गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत सर पुन्हा फळ्यापुढे उभे राहिले. त्या डॉक्टरांची किंवा दवाखान्याची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी जे केले ते दहांपैकी नऊ ठिकाणी झाले असते. कारण ‘फिकट दिसतो, लोह द्या’ हा नियम माणसाच्या मनात फार जुन्या काळापासून घर करून बसलेला आहे.

किती जुन्या काळापासून? आपल्याकडे चरकसंहितेत पांडुरोगाची चिकित्सा सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात नवायस चूर्ण आणि मंडूरवटक ही लोहाची औषधे सांगितलेली आहेत. युरोपातही सतराव्या शतकात सिडनहॅम हे इंग्रज वैद्य फिकट पडलेल्या रोग्यांना मद्यात भिजविलेला लोखंडाचा कीस देत असत, आणि १८३२ साली ब्लो या फ्रेंच वैद्याने लोहाच्या ज्या गोळ्या प्रचारात आणल्या त्या पुढे शंभर वर्षे घरोघर चालल्या. पूर्व आणि पश्चिम या बाबतीत एकाच निष्कर्षाला आल्या होत्या, आणि तो निष्कर्ष बहुतेक वेळा खराही होता. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चरकसंहितेने पांडुरोग एकच मानलेला नाही. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि माती खाल्ल्याने होणारा पांडू त्यांत वेगळा काढला आहे. रोगी फिकट दिसला तरी कारण एकच नसते, हे सूत्र त्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते. आपणच पुढे ते विसरलो.

आता रक्त तयार कसे होते, ते थोडक्यात पाहू. आपल्या हाडांतील मगजात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी जन्माला येतात आणि तितक्याच जुन्या पेशी मरतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. एवढ्या पेशींत घालण्यासाठी रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते. परंतु अन्नातून शरीर रोज एकदोन मिलिग्रॅमच उचलते. बाकीचे लोह येते ते मेलेल्या पेशींतून. जुन्या वाड्याचे वासे काढून नव्या वाड्याला लावावेत, तसा हा काटकसरीचा संसार आहे. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह तीनचार ग्रॅम, म्हणजे फार तर एका लहान खिळ्याएवढे! आणि या संसारात एक विलक्षण गोष्ट अशी की, आत आलेले लोह बाहेर टाकण्याची वाटच शरीराने ठेवलेली नाही. दाराशी पहारा आहे, परंतु घराला मोरी नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पेशीत लोह शिरले म्हणजे लगेच हिमोग्लोबिन होत नाही. आधी लोह बसविण्याचे कोंदण घडवावे लागते. त्याला हीम म्हणतात. पेशीच्या आत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. या कामाचा आरंभ तेथेच होतो आणि शेवटही तेथेच होतो. ग्लायसिन नावाचे एक साधे द्रव्य घेऊन कारागीर कामाला बसतो, आठ पायऱ्या चढतो आणि शेवटच्या पायरीवर कोंदणात लोहाचा मणी बसवितो. पहिल्याच पायरीवर त्याला एक मदतनीस लागतो. तो म्हणजे ब-६ हे जीवनसत्त्व, पायरिडॉक्सिन. आता मदतनीस आला नाही, किंवा कारागीरच जन्मतः अडाणी निघाला, तर कोंदण होत नाही. लोह मात्र ठरल्याप्रमाणे भट्टीत येतच राहते. त्याला बसायला जागा नाही आणि परत जायला वाट नाही. ते तेथेच साचते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हे साचलेले लोह डोळ्यांना दिसले कसे, ही या कथेतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत मी मुलांना एक प्रयोग दाखविते. एका परीक्षानळीत फेरिक क्लोराइडचा पिवळसर द्राव घ्यायचा आणि त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब टाकायचे. क्षणात असा गर्द निळा रंग उठतो की मागच्या बाकावरची मुलेही उठून उभी राहतात. हा निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे एका रंगाऱ्याच्या हातून योगायोगाने तयार झाला, आणि चित्रकारांनी तो आनंदाने उचलला. १८६७ साली माक्स पर्ल्स या तरुण जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने हीच क्रिया शरीराच्या ऊतकांवर करून पाहिली. जेथे जेथे लोह दडून बसले होते तेथे तेथे निळे ठिपके उमटले. आज दीडशेहून अधिक वर्षे झाली, यंत्रे बदलली, शास्त्र कोठच्या कोठे गेले, तरी मगजातील लोह शोधण्यासाठी जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत पर्ल्स यांचा तोच निळा रंग वापरला जातो. आमच्या सरांचे निदान झाले तेही त्याच रंगाने. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचे कडे दिसले. या कड्यावरूनच रोग ओळखतात.

असे लोह बाळगणाऱ्या तांबड्या पेशींकडे पहिल्याने जगाचे लक्ष वेधले ते उंदरांमुळे. हान्स ग्रूनेबर्ग हे जर्मनीतील ज्यू शास्त्रज्ञ. १९३३ साली हिटलरच्या राज्यातून ते लंडनला आले. त्यांना आश्रय देण्यात ज्यांचा हात होता ते जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि येथेच, भुवनेश्वरला, १९६४ साली वारले. ग्रूनेबर्ग यांनी १९४१ मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असलेल्या त्या काळात, जन्मतः रक्तक्षय असलेल्या उंदरांच्या रक्तात लोहाचे ठिपके असलेल्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसांतही अशा पेशी असतात, हे लवकरच ध्यानात आले.

मग १९४५ साल उजाडले. या एका वर्षी दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्या वेळी कोणाला सांगता आले नसते. अमेरिकेत डेट्रॉइट येथे टॉमस कूली नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. थॅलॅसेमियाचे पहिले नीट वर्णन १९२५ साली त्यांनीच केले होते. उतारवयात त्यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या रक्तक्षय येत होता. परंतु तो पुरुषांना होई आणि स्त्रियांच्या मार्फत पुढे जाई. त्याच वर्षी कूली वारले. रोगाचे कारण त्यांना कळले नाही.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडली. डेव्हिड शेमिन या रसायनशास्त्रज्ञाला हीमचे कोंदण कशापासून बनते ते शोधावयाचे होते. त्याने जड नायट्रोजनची खूण केलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन तीन दिवसांत स्वतःच गिळले, आणि मग कित्येक महिने आपलेच रक्त काढून तपासीत राहिला. ग्लायसिनची खूण हीममध्ये उतरली. कोंदणाचा कच्चा माल सापडला. शिवाय ती खूण रक्तात किती दिवस टिकते हे पाहून तांबडी पेशी सुमारे १२७ दिवस जगते, असा हिशेबही त्याला मांडता आला. स्वतःच्या अंगावर प्रयोग करणारी माणसे आपल्या पुराणांत दधीचीच्या रूपाने भेटतात. शास्त्राच्या इतिहासातही ती अधूनमधून भेटतात.

१९५६ साली क्लीव्हलंडचे जॉन हॅरिस यांनी एका रोग्याची हकीकत मांडली. त्याच्या रक्तक्षयावर लोह चालत नव्हते. परंतु पायरिडॉक्सिन देताच तो सुधारू लागला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्यर्कमन यांनी निळ्या कड्यांच्या मगजाचे वृद्ध रोगी वर्णिले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये मार्सेल बेसिस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की हे लोह दुसरीकडे कोठे नसून तंतुकणिकांतच साचलेले असते. धागे जुळत चालले. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून प्रचारात आले होते. ते लाखो लोकांना जीवदान देत होते. परंतु काही थोड्यांच्या अंगातील ब-६ ला ते बांधून टाकते आणि हातापायांना मुंग्या येतात, क्वचित रक्त बनणे थांबते, हेही उघड झाले. दारूचे व्यसन, शिशाचे विष आणि अंगातील तांब्याची कमतरता यांमुळेही कोंदणाचे काम अडते, असे दिसून आले.

आणि कूलींचे ते कुटुंब? १९९४ साली त्याच कुटुंबाच्या वंशजांच्या रक्तातून शास्त्रज्ञांनी दोष शोधून काढला. तो होता हीमच्या पहिल्या पायरीवरील कारागिराच्या जनुकात, जेथे शेमिनचे ग्लायसिन आणि हॅरिसचे पायरिडॉक्सिन एकत्र येतात नेमक्या त्याच जागी. ते जनुक स्त्री-पुरुष भेद ठरविणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून रोग बहुधा मुलग्यांना होतो. एकोणपन्नास वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले. पुढे २००९ साली दुसऱ्या एका प्रकाराचे मूळ सापडले. त्यात ग्लायसिनला भट्टीत नेणारा हमालच कामावर नसतो. २०११ साली उतारवयात होणाऱ्या प्रकारामागील जनुकही कळले. इतिहास म्हणतात तो असा असतो, श्रोतेहो. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने न कळत उत्तराचा अर्धा भाग शोधावा आणि तिसऱ्याने, दोघेही गेल्यावर, दोन्ही तुकडे जुळवावेत.

आता पुन्हा हैदराबादेत येऊ. तार्नाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचे मूळ १९१८ साली नीलगिरीतील कुन्नूर येथे मॅकॅरिसन यांनी सुरू केलेल्या बेरीबेरीच्या शोधकार्यात आहे. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ पासून आजचे नाव धारण करती झाली. कुन्नूरच्या दिवसांत तेथे लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर काही काळ काम करून गेली. तिची कथा मात्र सुरू होते मुंबईत. १९२८ मध्ये ती मुंबईस आली, ती गिरणीकामगारांतील गरोदर स्त्रियांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी. त्या बाया फिकट होत्या, परंतु त्यांच्या तांबड्या पेशी लोहाच्या अभावी होतात तशा लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या. विल्सबाईंनी शोधता शोधता मार्माइट हे यीस्टचे स्वस्त सत्त्व देऊन पाहिले, आणि मरणाच्या दारातून बाया परतल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या सत्त्वातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. ते १९४५ च्या सुमारास अमेरिकेत कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव. मुंबईच्या गिरणगावातील दुखण्याचे औषध एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, याचे आम्हां हैदराबादच्या मराठी माणसांना विशेष अप्रूप वाटते.

पोषण संस्था हैदराबादेत आल्यावर तिच्यापुढे जो एक मोठा प्रश्न आला, तो दख्खनच्या भाकरीचा. येथे आणि मराठवाड्यात गरिबांचे मुख्य अन्न ज्वारी. उन्हात काबाडकष्ट करणाऱ्या ज्वारीवरच्या माणसांच्या कातडीवर काळे चट्टे उठत. हा पेलाग्रा. १९६० साली डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकंठिया यांनी असे प्रतिपादन केले की ज्वारीतील ल्यूसिन हे द्रव्य प्रमाणाबाहेर गेल्याने शरीराचा हिशेब बिघडतो. हे मत पुढे वादाचे ठरले, तरी त्या वादातून याच संस्थेत पुढील काळात पायरिडॉक्सिनवर महत्त्वाचे काम झाले. पेलाग्रा हा रक्ताचा रोग नव्हे, हे खरे. परंतु कातडीच्या रोगाचा माग काढता काढता आणि रक्ताच्या रोगाचा माग काढता काढता शास्त्रज्ञ ब-६ या एकाच दारापाशी येऊन उभे राहिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. याच संस्थेने १९७० नंतरच्या काळात लोहयुक्त मीठ तयार केले. गरिबाच्या ताटात दुसरे काही नसले तरी मीठ असतेच, हा त्यामागचा विचार.

येथे माझ्या बोलण्याचा कोणी विपरीत अर्थ करून घेऊ नये, म्हणून स्पष्ट सांगते. आपल्या देशात लोहाची खरीखुरी कमतरता अतोनात आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरांत ५७ जणींचे हिमोग्लोबिन कमी आढळले, आणि पाच वर्षांच्या आतील बालकांत हे प्रमाण शंभरांत ६७ होते. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुलींनी अवश्य घ्याव्यात. मी स्वतः वर्गात उभी राहून त्या घ्यायला लावते. सिडेरोब्लास्टिक ॲनिमिया हा त्या मानाने विरळा रोग आहे. परंतु गोळ्या काही आठवडे नियमाने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर ‘अजून दे, दुप्पट दे’ असे न म्हणता ‘हे लोह जाते कोठे?’ असे विचारले पाहिजे. कारण मी मघाशी म्हटले, या घराला मोरी नाही. जे लोह वापरले जात नाही ते यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे त्यांना गंजवीत राहते.

हे गंजणे कसे असते, ते आमच्या शहरातील शेकडो आईबाप जाणतात. १९९८ साली हैदराबादेत थॅलॅसेमिया आणि सिकलसेल रोग्यांसाठी एक संस्था स्थापन झाली. तेथे थॅलॅसेमियाची मुले तीनचार आठवड्यांनी रक्त घेण्यास येतात. रोग वेगळा, परंतु संकट तेच. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात येते, म्हणजे निरोगी माणूस अन्नातून कित्येक महिन्यांत घेतो तितके. ते बाहेर काढण्यासाठी पूर्वी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून औषध घालावे लागे. मुलांनी झोपेत कूस बदलली की आया दचकून जाग्या होत. तोंडाने घ्यावयाच्या डेफेरिप्रोन या औषधाला भारताने १९९० नंतरच्या दशकातच, युरोपच्या आधी, परवानगी दिली. अमेरिकेला ते मान्य करण्यास २०११ साल उजाडले. ज्या सिडेरोब्लास्टिक रोग्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांनाही लोह बाहेर काढणाऱ्या अशा औषधांचा आधार घ्यावा लागतो. उतारवयातील प्रकारासाठी २०२० मध्ये लुस्पॅटरसेप्ट नावाचे नवे इंजेक्शन अमेरिकेत मान्य झाले. ते अडलेल्या पेशींना वाढीची वाट मोकळी करून देते. परंतु त्याची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही. उलट जन्मजात प्रकारांतील पुष्कळ मुलांना ब-६ च्या स्वस्त गोळीनेच गुण येतो. म्हणूनच निदान आधी, औषध मागाहून, हा क्रम चुकता कामा नये. सुदैवाने आता जनुकांची तपासणी करणाऱ्या संस्था आपल्या देशातच आहेत. त्यांतील एक नामवंत संस्था तर १९९६ पासून हैदराबादेतच आहे.

आमचे गणिताचे सर आता हयात नाहीत. वार्धक्याने, समाधानाने ते गेले. बरे झाल्यानंतर एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ते मला म्हणाले होते, “बाई, मी जन्मभर पोरांना सांगत आलो की उत्तर चुकले तर तेच उदाहरण दुप्पट जोराने लिहू नका, मांडणी तपासा. आणि माझ्याच बाबतीत मी स्वतः हे विसरलो.” काकू जवळच बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त त्यांनी मोकळ्या मनगटावरून एकदा हात फिरविला. ज्या दोषाबद्दल त्यांनी वर्षभर बोलणी खाल्ली, तो त्यांच्या चुलीत नव्हता, पतीच्या ताटात नव्हता. सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या एका भट्टीत होता. घरातील माणूस फिकट पडला की घरच्या बाईकडे बोट दाखवायचे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. शास्त्राच्या इतिहासाने आपल्याला पुष्कळ औषधे दिली. त्याबरोबरच निरपराधाला दोष देण्यापूर्वी क्षणभर थांबण्याचा विवेक दिला, हे त्याचे देणे मला कमी मोलाचे वाटत नाही.

पुढच्या वीस ऑगस्टला मुलांना घेऊन मी पुन्हा बेगमपेठेच्या त्या इमारतीत जाईन. रॉस यांच्या काळ्या कणांची गोष्ट सांगेन, आणि शाळेत परतल्यावर परीक्षानळीत पर्ल्स यांचा निळा रंगही दाखवीन. तेवढे दोन रंग मुलांच्या डोळ्यांत राहिले, आणि मोठेपणी त्यांच्यापैकी एखाद्याने ‘लोह आहे, मग रक्त का नाही?’ एवढा एकच प्रश्न योग्य वेळी विचारला, तर एखाद्या घरातील बांगडी वाचेल.